मांडवगडची गोरखचिंच

धार आणि देवास ही नावे उच्चारताच महाराष्ट्रीय वाचकाच्या मनात प्रथम उभी राहतात ती पवारांची घराणी. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसरा बाजीराव जन्मला, हे शाळेत वाचलेले असते. देवासच्या टेकडीवरील देवीचे दर्शन कोणी ना कोणी नातलग घेऊन आलेला असतो. एकाच गावात नांदणारी थोरली आणि धाकटी अशी देवासची दोन संस्थाने १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत टिकून होती, ही गोष्टही चवीने सांगितली जाते. राजांच्या आणि किल्ल्यांच्या या इतिहासात झाडांना स्थान नसते. पण धारहून पस्तीस-छत्तीस किलोमीटरांवरील मांडवगडावर जो चढून गेला, त्याला होशंगशाहाची कबर आणि रूपमतीचा मंडप यांच्याइतकेच आणखी एक दृश्य आठवत राहते. ते तेथील अवाढव्य, बेढब, पण विलक्षण भारदस्त अशा वृक्षांचे. त्या वृक्षाचा इतिहास राजघराण्यांच्या इतिहासाहून कमी गुंतागुंतीचा नाही, आणि गेल्या काही वर्षांत त्याला कज्जाचेही रूप आलेले असल्यामुळे आमच्यासारख्या वकिली पेशाच्या माणसाला त्याचे कुतूहल वाटणे स्वाभाविकच आहे.

वृक्षाचे रूप असे. बुंधा हत्तीच्या कातडीसारखा करडा, तळाशी फुगलेला, पाच-सहा माणसांनी हात पसरले तरी कवेत न येणारा. फांद्या आखूड आणि वेड्यावाकड्या. वर्षातील कित्येक महिने अंगावर एकही पान नसते, त्यामुळे कोणी झाड उपटून डोके खाली आणि मुळे वर असे उलटे रोवले असावे, असा भास होतो. पाऊस जवळ आला की सावरीच्या पानासारखी पंजाकृती पाने फुटतात. ही सारखेपणाची खूण खोटी नव्हे, कारण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा वृक्ष आपल्या काटेसावरीचाच दूरचा भाऊबंद आहे. लांब देठाला लोंबणारे पांढरे फूल रात्री उमलते आणि वटवाघळांच्या येण्याजाण्याने त्याचे फळ धरते. फळ म्हणजे मखमली लव असलेली, दुधीभोपळ्याच्या घाटाची, कठीण कवचाची पेटी. ती फोडली की आत खडूच्या वड्यांसारखा पांढरा, कोरडा, आंबटगोड गर निघतो आणि त्यात मूत्रपिंडाच्या आकाराच्या काळपट बिया रुतलेल्या असतात. मांडवगडाच्या वाटेवर भिल्ल बायाबापड्या ही फळे मांडून बसतात. प्रवासी एखादे विकत घेतो, गर जिभेवर ठेवून तोंड वाकडे करतो, आणि बिया थुंकून टाकतो. या थुंकून टाकलेल्या बियांविषयीच आम्हाला लिहावयाचे आहे.

प्रथम नावाचा प्रश्न. माळव्यात याला ‘मांडूची इमली’ किंवा ‘खुरासानी इमली’ म्हणतात. खुरासान म्हणजे इराणच्या ईशान्येचा थंड मुलूख. तेथे हा वृक्ष उगवत नाही आणि पूर्वी कधी उगवला असेल असेही नाही. समुद्रापलीकडून आलेल्या वस्तूला खुरासानी, रूमी, विलायती असे काहीतरी भारदस्त नाव चिकटवण्याची आपली जुनी रीत आहे. जिला आपण ‘विलायती चिंच’ म्हणतो ती तरी विलायतेतून कोठे आली? ती अमेरिकेची. मराठीत मांडूच्या या वृक्षाला आपण गोरखचिंच म्हणतो आणि गोरक्षनाथांशी त्याचा संबंध जोडतो. उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळ किंतूर येथे याच जातीचा एक वृक्ष ‘पारिजात’ म्हणून पूजिला जातो आणि त्याची कथा कुंतीशी जोडलेली आहे. सत्यभामेच्या अंगणातला केशरी देठाचा नाजूक पारिजातक ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्या आमच्या वाचकांना हे ऐकून हसू येईल. पण श्रद्धेने ज्याला एकदा आपले म्हटले त्याचे गोत्र ती विचारीत नाही. हावेरी जिल्ह्यातील सावनूर येथे दोड्ड हुणसेमर मठात अशाच तीन अजस्र वृक्षांची ख्याती आहे, आणि मठाचे नावच मुळी ‘थोर चिंचेच्या झाडा’वरून पडले आहे. कारवार-हुबळीकडील आमच्या बऱ्याच मंडळींना ते ठाऊक असेल.

शास्त्रज्ञांनी दिलेले नाव ‘अडॅन्सोनिया डिजिटाटा’. मिशेल अडांसन हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ १७४९ साली पश्चिम आफ्रिकेत सेनेगाल येथे गेला. तेथे त्याने या वृक्षांची मोजमापे घेतली, आणि पुढे लिनिअसने त्याचेच नाव वृक्षाला दिले. तत्पूर्वी १५९२ साली प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्याने कैरोच्या बाजारात येणाऱ्या या फळाचे वर्णन ‘बाओबाब’ या नावाने केले होते. त्याच्याही पूर्वी, चौदाव्या शतकात, इब्न बतूता मालीच्या प्रवासात या वृक्षांच्या पोकळ बुंध्यांत साठलेले पाणी वाटसरू पितात हे नोंदवून गेला, आणि एका बुंध्यात तर त्याला कोष्टी माग मांडून बसलेला दिसला. सारांश, वृक्ष आफ्रिकेचा, याविषयी वाद नाही. वाद आहे तो मांडवगडावर तो कोणी व केव्हा आणला याविषयी.

लोकपरंपरा अशी की, माळव्याच्या सुलतानांना परदेशच्या कोणा खलिफाने किंवा सरदाराने ही बीजे नजराणा म्हणून पाठविली. न्यायालयात ही साक्ष ‘ऐकीव’ म्हणून बाद झाली असती. परंतु ऐकीव साक्ष खोटीच असते असेही नाही, तिला दुजोरा हवा असतो. पंधराव्या शतकातील मांडवगड हे आडवळणाचे गाव नव्हते. होशंगशाहा, महमूद खिलजी आणि घियासुद्दीन यांच्या कारकीर्दीत ते एका श्रीमंत सल्तनतीची राजधानी होते, आणि महमूद खिलजीच्या दरबारी कैरोच्या अब्बासी खलिफाचा दूत आल्याचे इतिहासात नमूद आहे. घियासुद्दीनाच्या पदरी पाचशे हबशी स्त्रियांचे सशस्त्र पथक होते असे फिरिश्ता लिहितो. आकडा फुगवलेला असेल, पण आफ्रिकेतील माणसे मांडवगडावर नांदत होती एवढे त्यावरून मानावयास हरकत नाही. शिवाय सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त माळव्याचे वर्णन करताना मांडूस नारळाएवढी चिंच होते व तिचा गाभा अतिशय पांढरा असतो, असे टिपून ठेवले आहे. चिंचेच्या कोणत्याही झाडाला नारळाएवढे फळ येत नाही आणि तिचा गाभा पांढरा नसतो. हे वर्णन गोरखचिंचेचेच. म्हणजे अकबराच्या काळी हे वृक्ष मांडवगडावर फळे धरण्याइतके वाढलेले होते, एवढे तरी लेखी पुराव्याने सिद्ध होते.

दुसरा पुरावा अलीकडचा आणि निराळ्या जातीचा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आफ्रिका, भारत, मॉरिशसकडील बेटे आणि मलाया येथील वृक्षांच्या आनुवंशिक खुणा ताडून पाहण्यात आल्या. त्यातून असे दिसले की, भारतात ही झाडे एकदाच नव्हे तर अनेकदा आली, आणि पूर्वी समजत होते त्याहून दीर्घ काळापर्यंत येत राहिली. पश्चिम व मध्य भारतातील वृक्षांचे सर्वांत जवळचे नाते मोंबासा ते दार-एस-सलामच्या किनाऱ्यावरील वृक्षांशी निघाले. आग्नेय भारतातील झाडे मात्र पश्चिम आफ्रिकेच्या कुळातली, ती युरोपीय वसाहतवाल्यांच्या जहाजांतून अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आलेली असावीत. याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट सुचविली आहे, ती वाचून मन उदास होते. पूर्व आफ्रिकेत झांबेझी व किल्वा येथे निरनिराळ्या कुळांची झाडे एकत्र मिसळलेली आढळतात, आणि त्याचे कारण त्या बंदरांकडे आतल्या मुलखातून हाकीत आणलेले गुलाम हे असू शकेल. गर पौष्टिक आणि टिकाऊ. साखळदंडातल्या माणसाच्या शिदोरीत तो असणे संभवनीय आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या राजकारणाशी कोकणचा परिचय जुना आहे. पण हबशी माणसे आपल्याबरोबर काय काय घेऊन आली असतील, याचा विचार आपल्या बखरकारांनी केला नाही. खलिफाच्या नजराण्याची कथा राजाला शोभते. आमचा कल मात्र या दुसऱ्या, निनावी वाहकाकडे अधिक झुकतो.

नजराणा असो वा शिदोरी, आले ते बीच, झाड नव्हे. ही गोष्ट उघड आहे, पण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. कोणत्याही गलबतात हा वृक्ष मावला नसता, आणि मोसमी वाऱ्यावर चालणाऱ्या त्या प्रवासात रोप जगले असतेच असे नाही. मुठीत मावणारी, वर्षानुवर्षे जीव धरून राहणारी, दगडासारखी बी मात्र आली. आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. सोळाव्या शतकात पूर्वजांनी साष्टी-तिसवाडीतून देव हलविले तेव्हा देवळे उचलून नेली नाहीत. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, तो मूर्तिरूपाने अथवा लिंगरूपाने. देऊळ, तळी, कुळागर हे सारे नव्या जागी नव्याने उभे राहिले. त्याच सुमारास पोर्तुगीजांच्या जहाजांतून ब्राझिलचा काजू बीरूपाने गोव्यात उतरला. आज बोंडूचा वास आल्याशिवाय गोमंतकाचा उन्हाळा सुरू झाल्यासारखा वाटत नाही, आणि काजूला परका म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

येथे कोणी म्हणेल की बीपासून वाढविलेल्या झाडाची शाश्वती काय? आंब्याच्या बाबतीत आक्षेप खरा आहे. कलमी हापूसची कोय लावली तर येणारे झाड रायवळ, त्याचे फळ बापासारखे निघेल असे नाही. म्हणून आंब्याला कलम हवे. (कायद्यालाही कलम लागते आणि लेखनालाही. या शब्दाने आमच्या पेशाची मोठीच सोय केली आहे.) परंतु गोरखचिंच कोणी गराच्या गोडीसाठी लावीत नाही. तिची शोभा बुंध्यात आहे, आणि बीपासून आलेल्या झाडाची सोटमुळी शाबूत असल्यामुळे तो बुंधा अधिक डौलदार होतो. शोभेसाठी लावावयाच्या या झाडाला बी हाच राजमार्ग आहे.

हा राजमार्ग माळव्याला नवा नाही. देवासपासून उज्जैन फार दूर नाही, आणि त्या अवंतीच्या भूमीत सहाव्या शतकात वराहमिहिर होऊन गेला. तो आपल्या विद्याप्राप्तीचे स्थान ‘कापित्थक’ असे सांगतो, म्हणजे गावाचे नावच कवठाचे. त्याच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. ज्योतिषाच्या ग्रंथात बागाईत कशाला, असा प्रश्न पडेल. पण तो काळ ज्ञानाची कुंपणे घालणारा नव्हता. त्यात कवठाच्या बीसाठी आवळा, धावडा, वेत इत्यादी आठ वनस्पतींच्या मुळ्या दुधात उकळून, निवल्यावर शंभर टाळ्या वाजविण्याइतका वेळ बी त्यात ठेवावे आणि नंतर महिनाभर उन्हात वाळवावे असे सांगितले आहे. चिंचेच्या बीसाठीची कृती याहून मजेदार आहे. तांदूळ, उडीद व तीळ यांचे पीठ, सातू आणि कुजलेले मांस यांचे पाणी बीवर शिंपावे आणि हळदीची धुरी द्यावी. कुजक्या मांसाचे नाव काढताच आमचे सोवळे वाचक पान उलटतील, म्हणून लगेच सांगतो की त्यामागे युक्ती असावी. कवठ काय, चिंच काय, कठीण कवच हीच या बियांची अडचण. आंबलेल्या पिठाची ऊब आणि कुजण्याची क्रिया यांनी कवच मऊ पडावे, असा हेतू असल्यास नवल नाही. आफ्रिकेत गोरखचिंचेच्या बीचे हेच काम हत्तीचे आणि माकडाचे पोट करते. फळ खाल्ले जाते, कवच आतल्या आत झिजते, आणि विष्ठेबरोबर पडलेले बी रुजते. मांडवगडावर हत्ती होते खरे, पण ते सुलतानांचे. म्हणून तेथे बीचे कवच कोणीतरी हाताने झिजविले असले पाहिजे. त्या माळ्याचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही.

संस्थानी काळात बागांची हौस वाढली. देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. त्याच्याकडे सोपविलेल्या कामांत बागांची देखरेखही होती. या अनुभवांवरचे त्याचे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याचे नावही देवासच्या टेकडीवरील देवीवरूनच आहे. धार दरबारने पुरातत्त्वाकडे लक्ष दिले. गुलाम याझदानी यांचा मांडूवरील ग्रंथ १९२९ साली निघाला आणि तेथील इमारतींचे महत्त्व जगापुढे आले. मशिदीची कमान आणि महालाचा जिना यांची मोजमापे झाली, रक्षणाची व्यवस्था झाली. झाडे तेवढी जेथे होती तेथे राहिली, काही गडावर, काही भोवतालच्या शेतांच्या बांधांवर. भिल्लांनी त्यांची फळे खाल्ली, विकली, सावलीला गुरे बांधली. त्यांच्या मालकीचा कागद मात्र त्यांच्याजवळ नव्हता.

मग २०२२ साली वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. धार जिल्ह्यातील काही जुने वृक्ष यंत्रांनी मुळासकट उपटून, अवजड मालमोटारींवर चढवून, हैदराबादकडील एका खाजगी उद्यानाच्या शोभेसाठी नेले जात होते. भिल्ल ग्रामस्थांनी हरकत घेतली आणि प्रकरणाचा बोभाटा झाला. नेणाऱ्यांच्या बाजूने असे सांगण्यात आले की झाडे खाजगी जमिनीतली आहेत, शेतकऱ्यांना मोबदला दिला आहे, आणि झाड मरणार नसून दुसरीकडे जगणार आहे. ही बाजू तपासून पाहण्यासारखी आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे जमिनीत मुळे धरून असलेले झाड ही स्थावर मालमत्ता. त्यातून वगळले आहे ते उभे इमारती लाकूड, उभी पिके आणि गवत. ‘झाड’ आणि ‘उभे इमारती लाकूड’ यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विवियन बोस यांनी १९५८ सालच्या शांताबाई खटल्यात फार सुरेख उलगडला. जे लवकरच तोडून घरबांधणीसारख्या कामी लावावयाचे ते लाकूड, आणि जे जमिनीतून पोषण घेत राहावयाचे ते झाड. गोरखचिंचेचे लाकूड तर भिजल्या पुठ्ठ्यासारखे भुसभुशीत. त्याची तुळई होत नाही, फळी होत नाही, चुलीतही ते धड जळत नाही. तेव्हा तिला इमारती लाकूड म्हणता येणार नाही. उलट पक्षी १९३० चा मालविक्री अधिनियम म्हणतो की जमिनीपासून विलग करून देण्याचे ठरले म्हणजे ती वस्तू ‘माल’ होते. खरेदीदाराचा वकील या दुसऱ्या आधारावर उभा राहील आणि कदाचित जिंकेलही. परंतु दोन्ही कायदे झाडाकडे विकणारा व घेणारा या दोघांच्याच नजरेने पाहतात. ज्या गावाने चार-पाचशे वर्षे त्या झाडाखाली काढली, ते गाव त्या करारात पक्षकारच नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्या आणि जैविक वारसास्थळे यांची तरतूद केली आहे. मांडवगडच्या वृक्षांना लावावयाचा कायदा हा, अशी आमची समजूत आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकेतील सर्वांत जुन्या तेरा वृक्षांपैकी नऊ गेल्या बारा वर्षांत मेलेले अथवा कोसळलेले आढळले. मूळ गावीच घराणे खचत असताना परगावच्या शाखेची किंमत वाढते.

आणि ज्याला खरोखर हौस आहे त्याला यंत्राची गरजच काय? एका फळात बिया पुष्कळ असतात. गर धुऊन काढावा, बीची कड कानशीने किंचित घासावी, किंवा भांड्यात बिया टाकून वर उकळते पाणी ओतावे आणि त्याच पाण्यात निवत एक दिवस-रात्र ठेवावे. फुगतील त्या पेराव्यात, न फुगतील त्यांना पुन्हा तोच उपचार. कुंडी खोल हवी, कारण सोटमुळी मुळ्यासारखी जाड होते आणि तेथे झाडाची पाण्याची साठवण असते. माती अर्धी वाळूची. पेरणी वैशाखाच्या उन्हात करावी. पहिली पाने साधी, अखंड येतात, ती पाहून भलतेच रोप उगवले असे समजून कित्येक जण ते उपटून टाकतात. पंजाकृती पाने नंतर येतात. कोकणात जांभ्याच्या जमिनीत लावणाऱ्याने पावसाचे पाणी बुंध्याशी साचू देऊ नये. थंडीत सगळी पाने झडतील आणि रोप वाळक्या काटकीसारखे दिसेल. तेव्हा पाणी तोडावे आणि कुंडी तशीच आडोशाला ठेवून द्यावी. ज्येष्ठात काटकीच्या टोकाला हिरवा ठिपका दिसतो. फूल येण्यास पंधरा-वीस वर्षे सहज लागतात, तोवर कुंडीतले झाड अंगणात गेलेले असेल आणि लावणाऱ्याच्या नातवंडांची उंची त्याच्या बुंध्यावर खडूने मांडली जात असेल.